जुन्या गाडीला कोणता ऑक्सिजन सेन्सर बसेल? सांगलीतल्या एका कामाच्या नोंदी

गाडी २००६ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर), एमएच-१० पासिंग, मीटरवर १ लाख ३८ हजार किमी. मधली काही वर्षं एलपीजी किट होतं, नंतर काढलेलं. तक्रार अशी: ॲव्हरेज १५ वरून ११ वर आलं, सायलेन्सरचं तोंड काजळीनं काळं, चेक लाइट लागलेला, पीयूसी नापास. गॅरेजमध्ये बॉनेट न उघडताच निकाल मिळाला होता, "ऑक्सिजन सेन्सर गेला." हा सेन्सर एक्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल कमी-जास्त करतो.

मॉडेलचं नाव आणि सेन्सरचा पार्ट नंबर इथे मुद्दाम दिलेला नाही. एकाच नावाच्या गाडीत उत्पादनाचं साल, इंजिन आणि बीएस-२ की बीएस-३ (प्रदूषणाचे भारत स्टेज निकष) यानुसार सेन्सर बदलतो. २००५ ते २०१० या काळात मोठ्या शहरांत बीएस-३ लागू होतं आणि बाकी देशात बीएस-२, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांचे सेन्सर वेगळे असू शकतात. दुसऱ्याच्या नंबरावर माल मागवला की पैसे अडकतात. जुन्या गाडीचा सेन्सर मीटर हातात घेऊन निवडायचा. आधी मोजमाप, मग नंबर, किंमत सगळ्यात शेवटी. पुढच्या सगळ्या नोंदी याच क्रमाने आहेत.

८ नोव्हेंबर २०२५

पीयूसीची पावती: आयडलिंगला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.९ टक्के. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल चारचाकीला मर्यादा सीओ ०.५ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं इंधन) ७५० पीपीएम. म्हणजे मिश्रण चांगलंच जाड आहे (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), इतकं नक्की. का जाड आहे हे पावती सांगत नाही.

ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर लावला, जोडला गेला नाही. या काळातल्या बऱ्याच भारतीय गाड्यांत सोळा पिनांचं सॉकेट असतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते. सॉकेट दिसलं म्हणून स्कॅनर विकत घेऊ नका. शंभर फुटी रोडवरच्या एका वायरमनकडे या गाड्या वाचणारा स्कॅनर होता, ३०० रुपये घेतले. कोड निघाला पी०१३५, सेन्सरच्या हीटरचं सर्किट. दुसरा कोड नाही.

सेन्सर एकच आहे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली, कॅटॅलिटिकच्या (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या) आधी. कॅटॅलिटिकनंतर दुसरा नाही.

९ नोव्हेंबर

सेन्सर न काढता मोजणी. डिजिटल मीटरच घ्यायचा. काट्याचा जुना मीटर इतका करंट ओढतो की सिग्नलच बसतो. कपलर (वायरींचा प्लग) जोडलेला ठेवून मागच्या बाजूने वायरीच्या कडेला बारीक टाचणी सरकवली. वायरीचं इन्सुलेशन टोचलेलं नाही. टोचलं की पावसाळ्यात तिथून ओल शिरते.

इंजिन पूर्ण तापवून २५०० आरपीएमवर धरलं. चांगला सेन्सर इथे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली नाचतो (जास्त व्होल्ट म्हणजे मिश्रण जाड, कमी म्हणजे पातळ), दहा सेकंदांत आठच्या आसपास फेऱ्या. हा ०.७५ वर जाऊन बसला आणि मधूनच एखादी आळसट डुबकी मारत राहिला.

आता इंजिनच खरोखर जाड चाललंय की सेन्सर खोटं बोलतोय, हे ठरवायला हवा आत सोडली. ब्रेक बूस्टरचा नव्हे, शेजारचा बारीक व्हॅक्यूम पाइप काढला. व्होल्टेज लगेच ०.२ च्या खाली यायला हवं होतं, त्याला चार-पाच सेकंद लागले. पाइप बसवून इनटेकमध्ये कार्ब क्लीनरचा हलका फवारा दिला, चढायलाही तितकाच वेळ. सेन्सर जिवंत आहे, पण मंद आहे.

हीटर: कपलर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या दोन काळ्या वायरींत ओहम मोजले. अनंत. आतली तार तुटली आहे. गाडीच्या बाजूने कपलरवर इंजिन चालू असताना बॅटरीइतके व्होल्ट येतात, म्हणजे फ्यूज आणि सप्लाय ठीक. हे पाहणं चुकवू नका. फ्यूज उडालेला असताना नवा सेन्सर घातला की तोच कोड परत येतो आणि दोष नव्या मालावर जातो.

हीटर मेल्यावर ॲव्हरेज का पडतं? झिर्कोनिया या सिरॅमिकचा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या पुढे काम करू लागतो. सिग्नलवर, गर्दीत, आयडलिंगवर तो थंड पडतो, ईसीएमला त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही आणि तो ठरावीक जाड मिश्रणावर गाडी चालवतो. गावातल्या गावात वापरल्या जाणाऱ्या गाडीला याचा फटका सगळ्यात जास्त बसतो.

११ नोव्हेंबर

सेन्सर दोषी ठरला तरी त्याचे साथीदार शोधल्याशिवाय नवा माल घ्यायचा नाही.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर: थंड इंजिनवर अडीच हजार ओहमच्या आसपास, तापल्यावर ३०० च्या जवळ. ठीक. हा अडकला की ईसीएमला इंजिन कायम थंड वाटतं आणि पेट्रोल जास्त सुटतं, त्याचं खापर फुटतं ऑक्सिजन सेन्सरवर.

फ्युएल रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून वास घेतला, पेट्रोल नाही. डायफ्राम फाटलेला नाही.

मॅनिफोल्डची गॅस्केट: थंड इंजिन चालू करून कडेने हात फिरवला, फुसफुस नाही, काळा पट्टा नाही. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीएम पेट्रोल वाढवत राहतो. अशा गाडीत सेन्सर कितीही बदला.

वायरिंगमध्ये मात्र घबाड सापडलं. ईसीएमकडे जाणाऱ्या जुडग्यावर डॅशबोर्डखाली काळी टेप, टेप उलगडल्यावर सिग्नलच्या वायरीला पीळ देऊन मारलेला जोड. एलपीजी किटवाल्याने तिथून सिग्नल घेतला होता, किट काढताना जोड तसाच राहिला. तांबं हिरवं पडलेलं, काही तारा तुटलेल्या. वायर हलवली की ईसीएमकडे दिसणारा आकडा ०.४५ वर येऊन गोठायचा. सेन्सर तुटला की या ईसीएमच्या बाजूला एवढंच व्होल्टेज उरतं. खराब भाग कापून नवा तुकडा टाकला, क्रिंप करून (धातूची नळी दाबून) झाकला. ज्या गाडीला कधी गॅस किट होतं तिथे हा जोड शोधल्याशिवाय पुढे जाऊच नये.

१२ नोव्हेंबर

सेन्सर उतरवला. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. थंड असताना हलला नाही. इंजिन पाच मिनिटं चालवून, कोमट असताना, काप असलेल्या २२च्या गोटीने (सॉकेटने) सुटला. ती गोटी ४५० रुपयांना मिळते. साध्या पान्ह्याने कोपरे गोल होतात आणि मग वेल्डरकडे जावं लागतं. अर्धा फेरा सोडवायचा, पाव फेरा परत घ्यायचा, तेल, पुन्हा अर्धा. सरळ जोर लावला की मॅनिफोल्डचे आटे सेन्सरबरोबर बाहेर येतात. इथे पहिले दोन आटे दबले होते. एम१८ × १.५ चा टॅप हाताने फिरवून साफ केले. टॅपला ग्रीस लावलं की कीस त्यात चिकटतो, मॅनिफोल्डमध्ये पडत नाही.

सेन्सरचं टोक उजेडात धरून पाहिलं. जाळीवर खडूसारखा पांढरा थर, नखाने खरवडला तर भुकटी होत होती, खाली काजळी. नुसती काळी मऊ काजळी असती तर ती जाड मिश्रणाची. तपकिरी-करडा चिकट थर असता तर इंजिन ऑइल खातंय. हा पांढरा थर सिलिकॉनचा.

सिलिकॉन कुठून आलं? टॅपेट कव्हरच्या कडेने लाल सिलिकॉन बाहेर फुगलेलं दिसतच होतं. गॅस्केट न बदलता ट्यूब पिळलेली. साध्या सिलिकॉनची वाफ क्रँककेसच्या हवेबरोबर इनटेकमध्ये जाते, जळते आणि सेन्सरच्या टोकावर काचेसारखी बसते. पिवळी-लाल ट्यूब कुठल्याही दुकानात मिळते, पण ट्यूबवर 'ऑक्सिजन सेन्सरला सुरक्षित' असं लिहिलं नसेल तर ती इंजिनाला लावू नये. कव्हर उघडून सगळं खरवडलं, नवी रबर गॅस्केट बसवली, २८० रुपये. हे केलं नसतं तर नवा सेन्सरही याच वाटेने गेला असता.

१३ नोव्हेंबर

ओळख परेड. अंगावरचा नंबर गंजाने गेलेला. मोजून कागदावर उतरवलेलं असं:

आटे एम१८ × १.५, षटकोन २२ मिमी. बहुतेक झिर्कोनिया सेन्सर याच मापाचे असतात, म्हणूनच चुकीचा सेन्सर अगदी बिनबोभाट बसतो. आटे बसले याला काहीच अर्थ नाही.

वायरी चार: दोन काळ्या, एक निळी, एक पांढरी. ही डेन्सोची पद्धत. काळ्या दोन हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी सिग्नलचं अर्थिंग.

पांढरी वायर आणि सेन्सरचं धातूचं अंग यांत मीटर लावला, वाट नाही. म्हणजे अर्थिंग अंगापासून वेगळं आहे. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये अर्थिंग मॅनिफोल्डमधूनच होतं, तो इथे चालणार नाही. चार वायरींच्या काही सेन्सरमध्येही चौथी वायर आतून अंगाला जोडलेली असते, त्यामुळे नव्या सेन्सरवर हीच चाचणी दुकानातच करायची.

चावी चालू, सेन्सर सुटा, गाडीच्या बाजूच्या सिग्नल पिनवर ०.४५ व्होल्ट. झिर्कोनिया नक्की. इथे पाच व्होल्ट दिसले असते तर थांबून गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडावं लागलं असतं, कारण टायटानियाचा सेन्सर व्होल्ट तयार करत नाही, त्याचा फक्त रेझिस्टन्स बदलतो. दोघांची अदलाबदल होत नाही. पाच-सहा वायरींचा वाइडबँड तर पूर्ण वेगळा प्राणी.

हीटरचे ओहम ही सगळ्यात महत्त्वाची नोंद, आणि नेमका हीटरच तुटलेला. मेलेल्या सेन्सरवरून हे माप मिळत नाही. मिरजेत याच मॉडेलची, याच सालाची, इंजिन नंबराची सुरुवात तीच असलेली गाडी मिळाली. तिचा कपलर सोडवून थंड सेन्सरवर मोजलं, १३.२ ओहम. मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळलं.

वायरीची लांबी षटकोनापासून कपलरपर्यंत ३८ सेंमी. कपलर चार पिनांचा, करडा, खाच डाव्या बाजूला. दोन्ही बाजूंनी फोटो काढले.

१५ नोव्हेंबर

बाजार. कागद, जुना सेन्सर आणि मीटर बरोबर.

पहिल्या काउंटरवर विनाब्रँडचा, ७५० रुपये. "चार वायरीचाच पाहिजे न्हवं अण्णा? मग बसतंय की!" बसत होताच. हीटर मोजला, ४.१ ओहम. १३ ओहमच्या हीटरमधून १२ व्होल्टला एक अँपिअरच्या आत करंट जातो, ४.१ च्या हीटरमधून तीन अँपिअर. ईसीएमच्या आतला जो ट्रान्झिस्टर हा हीटर चालू-बंद करतो तो एका अँपिअरच्या हिशेबाने ठेवलेला असतो. साडेसातशे रुपयांच्या सेन्सरपायी ईसीएम जाळण्याची ही वाट आहे. उलट चूक, म्हणजे जास्त ओहमचा हीटर, गाडी जाळत नाही, पण सेन्सर उशिरा तापतो आणि हीटरचा कोड राहून राहून येतो. एक-दोन ओहमचा फरक चालतो, तिप्पट नाही.

दुसरीकडे एक वायरीचा सुचवला, ५०० रुपयांत. "हीटर काढून टाकायचा, जुन्या गाड्यांना कुठं होता?" जुन्या गाड्यांत तो एक्झॉस्ट पोर्टच्या अगदी तोंडाशी असायचा, तिथली उष्णता त्याला पुरायची. इथे जागा खाली आहे. शिवाय हीटरचं सर्किट उघडं राहिलं की पी०१३५ जाणारच नाही.

भंगारातला ३०० रुपयांचा हातात घेऊन ठेवून दिला. हीटर असलेल्या सेन्सरचं आयुष्य साधारण १ ते १.६ लाख किमी, बिनहीटरवाल्याचं ५० ते ८० हजार. भंगारातल्या गाडीने त्यातलं किती खाल्लंय ते कळायला मार्ग नाही, आणि त्या गाडीचंही टॅपेट कव्हर कशाने चिकटवलं होतं कोण सांगणार.

ओळखीच्या कंपनीचा युनिव्हर्सल, कपलरशिवाय, १,६५० रुपये. हीटर १२.४ ओहम, अर्थिंग अंगापासून वेगळं. कागदावरच्या सगळ्या अटी पूर्ण. घेतला.

गाडीच्या कंपनीचा अस्सल, कपलरसकट: इंजिन आणि चासिस नंबर देऊनच ऑर्डर घेतात, ३,४८० रुपये, पुण्याहून यायला आठ-दहा दिवस. तो तेव्हा मागवला नाही.

१६ नोव्हेंबर

युनिव्हर्सल बसवायचा म्हणजे जुन्या सेन्सरचा कपलर थोड्या वायरीसकट कापून नव्याला जोडायचा. इथे रंगांचा सापळा आहे. नव्याच्या वायरी बॉश पद्धतीच्या: दोन पांढऱ्या हीटर, काळी सिग्नल, करडी सिग्नलचं अर्थिंग. जुन्यात काळ्या हीटरच्या, इथे काळी सिग्नलची. जुन्यात पांढरी अर्थिंगची, इथे पांढऱ्या हीटरच्या. रंगाला रंग जोडला तर हीटरचे बारा व्होल्ट सिग्नलच्या वाटेत शिरतात आणि नवा सेन्सर चावी फिरवताच संपतो. बरोबर जोडणी अशी: नव्या दोन पांढऱ्या जुन्या दोन काळ्यांना (उलटसुलट चालतं), नवी काळी जुन्या निळीला, नवी करडी जुन्या पांढरीला.

जोड वायरमनने सोल्डर केले, वर गोंदाची हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). दिसायला देखणं काम, मजुरी १५०. लगेच मोजलं तर सिग्नल ०.१ ते ०.८५, फेऱ्या झपझप. चेक लाइट गेला.

२२ नोव्हेंबर

ॲव्हरेज पुन्हा घसरलेलं, आयडलिंगला पेट्रोलचा वास. कोड नाही. मीटर लावला: सिग्नल नाचतोय, पण ०.५५ च्या वर चढत नाही. कार्ब क्लीनरचा फवारा दिला तरी ०.६ ची कड ओलांडेना. आठवड्याभरापूर्वी हाच ०.८५ दाखवत होता.

कारण जोडांत होतं. हा सेन्सर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनची तुलना बाहेरच्या हवेशी करतो, आणि ती बाहेरची हवा आजच्या बंदिस्त सेन्सरमध्ये वायरींच्या तारांमधल्या फटींतून आत जाते. सोल्डर केशिकांसारखं तारांत शिरून त्या फटी भरून टाकतं, वरून गोंदाची श्रिंक. आतल्या हवेतला ऑक्सिजन संपत गेला की तुलना बिघडते आणि सिग्नल सगळाच खाली सरकतो. ईसीएम समजतो मिश्रण पातळ आहे, आणि पेट्रोल वाढवतो. नवाकोरा सेन्सर, चेक लाइट बंद, तरी गाडी जुन्यासारखीच पेट्रोल पिते. ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाडीत आधी जोड बघावेत. कपलरच्या पिनांना ग्रीस भरणं किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर मारणं हेही याच कारणासाठी वर्ज्य.

२३ नोव्हेंबर

सोल्डरचे चारही जोड कापले, क्रिंपचे बट जोड घातले, गोंद नसलेली श्रिंक. चारही जोड एकाच जागी न घेता पायरीपायरीने, म्हणजे जुडगं जाड होत नाही आणि दोन जोड एकमेकांना लागत नाहीत. साहित्य ६० रुपये. आष्ट्यापर्यंत जाऊन आल्यावर सिग्नल पुन्हा ०.८ च्या वर.

पण दोनदा कापल्यामुळे वायर आखूड झाली. ३८ ची ३१ सेंमी राहिली आणि जोड मॅनिफोल्डच्या बाजूला सरकले. क्लिपमध्ये बसवली की वायर ताणली जाते, सोडली की हीट शील्डला टेकते. तात्पुरती काचधाग्याची नळी घातली. हे कायमचं नाही. आजच अस्सल सेन्सरची ऑर्डर दिली.

२ डिसेंबर

अस्सल सेन्सर आला. डबा काउंटरवरच फोडून मोजला: १३.० ओहम, अर्थिंग वेगळं, लांबी ३८, कपलर तोच, खाच डावीकडे. पार्ट नंबर डब्यावर, सेन्सरच्या अंगावर आणि बिलावर एकच आहे ना हेही पाहिलं. या मालाच्या नकला निघतात. नकलेवर अंगावरची छपाई नखाने खरवडली तर निघते, अस्सलवर अक्षरं धातूत कोरलेली असतात.

युनिव्हर्सल उतरवताना पाहिलं, काचनळीच्या आत एका हीटर वायरीचं इन्सुलेशन मऊ होऊन चपटं झालं होतं. सांगली-आष्टा रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत गेल्यावर खालची उष्णता बाहेर पडायला वावच नसतो.

बसवणी: आट्यांवर अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) कंपनीकडूनच लावलेलं आलं होतं, वरून काही लावलं नाही. टोकाला बोट लावायचं नाही. सेन्सर हातातून पडला तर तो बसवायचाच नाही, आतलं सिरॅमिक तडकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कपलर सुटा ठेवून हाताने पूर्ण फिरवत आणला, मग टॉर्क पान्ह्याने साधारण ४० न्यूटन-मीटर. कपलर आधी जोडून मग सेन्सर फिरवला तर वायरीला पीळ बसतो आणि आत, रबरी बुचापाशी, तारा तुटतात. वायर क्लिपमध्ये, शील्डपासून दोन बोटं लांब.

बॅटरीची निगेटिव्ह पंधरा मिनिटं सोडून ठेवली, म्हणजे जाड मिश्रणाच्या काळात ईसीएमने शिकलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात. चालू केल्यावर रेस न देता आयडलिंगवर पूर्ण तापू दिली.

७ डिसेंबर

पीयूसी पास. सीओ ०.१६ टक्के, एचसी ११० पीपीएम. कॅटॅलिटिक वाचलेला दिसतोय. इतके दिवस जाड मिश्रण गेल्यावर तो आतून वितळण्याची भीती होती.

स्कॅनरवर पुन्हा पाहिलं, आणखी ३०० रुपये. सिग्नल उत्तम, पण लाँग टर्म ट्रिम (ईसीएमने शिकून पेट्रोलात केलेली वाढ-घट) अधिक ७ ते ८ टक्के. वायरमनचं म्हणणं, "अजून कायतरी गळतंय, नाहीतर सेन्सर परत बघा." गळत काहीच नव्हतं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२० च्या एका किलोला सुमारे १३.५ किलो. तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. २००६ च्या ईसीएमचा आराखडा शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाचा, त्यामुळे तो फरक त्याला ट्रिममधूनच भरावा लागतो. ट्रिमचा हा आकडा म्हणजे सेन्सर आपलं काम चोख करतोय याचा पुरावा आहे. इंधन कुठलंही असो, सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो, म्हणून ई-२० साठी वेगळा सेन्सर लागत नाही आणि तसा कुणी विकत असेल तर घेऊ नये. चारी बाजूंना साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या असलेल्या या जिल्ह्यात तरी हे प्रत्येक गॅरेजला ठाऊक असायला हवं. या ट्रिममुळे कितीतरी चांगले सेन्सर कचऱ्यात जात आहेत.

ट्रिम १५ च्या पुढे गेली तर मात्र हवेची गळती, फ्युएल फिल्टर आणि पंपाचं प्रेशर बघायला हवं.

२८ डिसेंबर

टाकी काठोकाठ ते काठोकाठ मोजलेलं ॲव्हरेज १४.१. पूर्वीचे १५ येणार नाहीत, ई-२० मध्ये ऊर्जाच कमी आहे.

खर्च: स्कॅनर ६००, गोटी ४५०, टॅप ३५०, टॅपेट गॅस्केट २८०, युनिव्हर्सल १,६५०, सोल्डरची मजुरी १५०, क्रिंपचं सामान ६०, अस्सल ३,४८०, पीयूसीची फी वेगळी. एकूण ७,०२०. अस्सल आधीच मागवला असता तर १,८६० रुपये वाचले असते. युनिव्हर्सल वाईट नाही. हीटरचे ओहम जुळत असतील, कपलर धडका असेल, वायरीला लांबी असेल आणि क्रिंप पहिल्याच फटक्यात नीट मारला जाणार असेल तर निम्म्या पैशांत काम होतं. जिथे सेन्सर मॅनिफोल्डच्या कुशीत आहे आणि वायर आधीच आखूड आहे, तिथे कपलरसकट येणाराच घ्यावा.

गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवली आहे: झिर्कोनिया, चार वायरी, अर्थिंग वेगळं, हीटर १३ ओहम थंड, ३८ सेंमी, खाच डावीकडे, बदलला १ लाख ३९ हजारला. हे माप सेन्सर चांगला असतानाच कुणीही पाच मिनिटांत घेऊन ठेवू शकतो. पीयूसीची मुदत सहा महिने, पुढची जूनमध्ये. तेव्हा सीओ आणि ट्रिम दोन्ही आकडे इथे जोडले जातील.